स्पंज पाण्यात नायट्रेट सोडतो की पाण्यातला नायट्रोजन घालवतो? सेमिनारसाठी मदत हवी

ओंजळभर_पाणी

नमस्कार मंडळी. मी एमएस्सी झूलॉजी, दुसरं वर्ष. पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे, विषय मी स्वतः मागून घेतलाय, समुद्री स्पंज आणि त्यांच्या अंगात राहणारे सूक्ष्मजीव, आणि त्यातही नायट्रोजनचं काय होतं ते. शाळेत आपल्याला रंध्रीय प्राणीसंघ होता, ऑस्टिया, ऑस्कुला, कॉलर पेशी, आंघोळीचा स्पंज, दोन मार्कांचा प्रश्न, संपलं. नायट्रोजन चक्र वेगळ्याच धड्यात, तिथे ढग, वीज, गाय, हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी. या दोन धड्यांची कधी गाठ पडेल असं वाटलंच नव्हतं.

आता अडचण सांगते. १९७९ चा एक पेपर आहे तांबड्या समुद्रातला, त्यात म्हटलंय की अंगात सायनोबॅक्टेरिया (उजेडावर जगणारे बॅक्टेरिया) असलेल्या स्पंजांमध्ये नायट्रोजन स्थिरीकरण होतं, म्हणजे वायुरूप नायट्रोजन पकडून वापरात आणला जातो. १९८८ चा कॅरिबियनमधला, त्यात कोंड्रिला न्यूक्युला नावाचा स्पंज पाण्यात भरपूर नायट्रेट सोडतो. आणि २००९ चा नॉर्वेचा, जिओडिया बॅरेटी, त्यात नायट्रीकरण (अमोनियाचं नायट्रेट होणं) पण आहे, डीनायट्रिफिकेशन म्हणजे विनायट्रीकरण (नायट्रेटचा वायू होणं) पण आहे आणि वर अनॅमॉक्स (अमोनियम आणि नायट्राइट जुळून वायू होणं) पण आहे, म्हणजे शेवटी नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. एकाच प्रकारच्या प्राण्यांनी नायट्रोजन आणायचा, बदलायचा आणि घालवायचा, हे तिन्ही खरं कसं असेल?

आणि दुसरं म्हणजे विनायट्रीकरणाला ऑक्सिजन चालत नाही ना, मग जो प्राणी सतत ताजं पाणी आत ओढतो त्याच्या अंगात बिनऑक्सिजनची जागा येतेच कुठून? मला "सगळंच होतं" असं एका स्लाइडवर लिहून सुटायचं नाहीये, मला खरंच समजून घ्यायचंय.

---

टाकीवाला_नाशिक

मी काही बायोलॉजीवाला नाही पण गेली बारा वर्षं घरात माशांच्या टाक्या आहेत, त्यामुळे नायट्रोजनशी रोजची ओळख आहे. आमच्यात म्हणतात टाकी "सायकल" झाली का. नवीन टाकीत लगेच मासे सोडले तर ते स्वतःच्याच अमोनियाने मरतात. महिनाभर थांबलं की फिल्टरच्या फोमवर बॅक्टेरिया धरतात, एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट, आणि मग मासे सुखी. त्या फोमला आम्ही स्पंज फिल्टरच म्हणतो. एकदा घरच्यांनी तो फोम काळा दिसतोय म्हणून नळाखाली चोळून चोळून स्वच्छ धुतला, क्लोरीनच्या पाण्यात, आणि तीन दिवसात अमोनिया चढून चार मासे गेले. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की टाकीत पाणी साफ करणारा फोम नसतोच, त्याच्यावर राहणारे असतात.

तुमचा पहिला मुद्दा मला याच्यावरून कळतो. जिवंत स्पंज म्हणजे आमचा फोम, फक्त तो स्वतःच प्राणी आहे, स्वतःच अमोनिया सोडतो आणि स्वतःच्याच अंगात ते बॅक्टेरिया पाळतो. मग नायट्रेट बाहेर येणारच.

दुसऱ्या मुद्द्याबद्दल एवढंच सांगतो की माझ्या फोमने आजवर नायट्रेट कधीच कमी केलं नाही, दर रविवारी पाणी बदलून ते मलाच काढावं लागतं. खाऱ्या पाण्याच्या टाक्या ठेवणारे लोक त्यासाठी तळाशी जाड वाळूचा थर ठेवतात किंवा सच्छिद्र खडक ठेवतात, कारण त्याच्या आत खोलवर ऑक्सिजन पोचत नाही. तुमच्या स्पंजातही तशी काहीतरी जागा असणार, कशी ते जाणकार सांगतील.

अजून एक, हे तुमच्या सेमिनारला उपयोगी पडेल. समुद्रातला अमोनिया खाणारा पहिला आर्किया (बॅक्टेरियासारखाच सूक्ष्मजीव, पण वेगळ्या गटातला) वेगळा करून वाढवला तो २००५ मध्ये, नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस, आणि तो मिळाला कुठे तर सिॲटलच्या मत्स्यालयातल्या एका टाकीत. आम्हा टाकीवाल्यांना याचा फार अभिमान आहे.

---

बर्गनहून

ओंजळभर, प्रश्न अगदी बरोबर जागी अडकलाय तुझा. मी नॉर्वेत असते, इथल्या फ्योर्डमधल्या (जमिनीत आत शिरलेल्या खोल, अरुंद खाड्यांमधल्या) स्पंजांवर काम करणाऱ्या ग्रुपमध्ये तीन वर्षं हात काळे केलेत, त्यामुळे जिओडियाबद्दल जरा सविस्तर लिहिते.

आधी प्राणी डोळ्यासमोर आण. जिओडिया बॅरेटी म्हणजे पांढरट पिवळसर गोळा, लहान असला तर कवठाएवढा, मोठा झाला तर दोन हातात मावत नाही. दीडदोनशे मीटर खोलीवरून वर आणतात. वर आणताना पाण्याबाहेर काढायचा नाही हा पहिला नियम, कारण एकदा का नळ्यांमध्ये हवा शिरली की ती निघत नाही आणि तो भाग सडतो, म्हणून बादलीतून टाकीत सगळं पाण्याखालीच. कापताना सुरी पहिल्यांदा करकरते, वाळूत फिरवल्यासारखी, कारण वरचं साल सिलिकाच्या बारीक गोट्यांनी भरलेलं असतं, आणि मग आत एकदम मऊ, खरवसासारखं. हातमोजे नसतील तर दोन दिवस बोटात काचेच्या सुया टोचत राहतात. उत्तर अटलांटिकमधले जुने मच्छीमार जिथे असे स्पंज जाळ्यात भरभरून येतात त्या तळाला चीजचा तळ म्हणायचे, आणि कापलेला तुकडा बघितला की ते नाव का पडलं ते कळतं.

आता मुख्य गोष्ट. तू धरून चाललीयस की स्पंज सतत पंप करतो. तो करत नाही. पंप करतो, थांबतो, परत करतो, आणि कधी कधी बराच वेळ बंद असतो. हे आम्ही कसं बघायचो तर स्पंजाच्या अंगाजवळ पाण्यात पिचकारीने हिरवा फ्लोरेसिन रंग सोडायचा. पंप चालू असेल तर रंग छिद्रातून आत खेचला जातो आणि जरा वेळाने वरच्या मोठ्या तोंडातून धुरासारखा बाहेर येतो. बंद असेल तर रंग तिथेच लोंबकळत राहतो. तासातासाने बघायचं, चालू, चालू, बंद, बंद, बंद, चालू.

आणि ऑक्सिजन मोजायला काचेचा मायक्रोसेन्सर असतो, टोक केसाहून बारीक, तो मोटरने थोडा थोडा आत सरकवायचा आणि स्क्रीनवर आकडा बघायचा. पंप चालू असताना आत ऑक्सिजन असतो. पंप बंद झाला की आतल्या पेशी आणि आतले सूक्ष्मजीव शिल्लक ऑक्सिजन वापरून टाकतात आणि वरच्या सालीखाली काही मिलिमीटरवरच आकडा शून्यावर येतो. २००५ मध्ये जिओडियावर हेच मोजून दाखवलं गेलं. मला तो आकडा खाली जाताना पहिल्यांदा दिसला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते, कारण हा गोळा वरून काहीच करत नव्हता आणि आत सगळं जग बदलत होतं.

म्हणजे जी बिनऑक्सिजनची जागा तू शोधतेयस ती कायमची खोली नाहीये, ती वेळ आहे. त्याच ठिकाणी आधी ऑक्सिजन असतो तेव्हा अमोनिया खाणारे आर्किया आणि नायट्राइट खाणारे नायट्रोस्पिरा कामाला असतात, नायट्रेट बनतं. पंप थांबला की तेच नायट्रेट विनायट्रीकरणवाल्यांच्या हातात पडतं. टाकीवाल्या दादांच्या फोममधून हवेचे बुडबुडे चोवीस तास चालू असतात, म्हणून त्यांना रविवारी पाणी बदलावं लागतं.

बाकीचं जेवण झाल्यावर लिहिते.

---

ओंजळभर_पाणी

ताई हे वाचून अंगावर काटा आला खरंच. मी "जागा" शोधत होते, वेळ डोक्यातच नाही आली. दोन प्रश्न लगेच पडले. एक, तो बंद असताना गुदमरून मरत नाही का? दोन, २००९ च्या पेपरमधले आकडे आहेत, दर घन सेंटिमीटर स्पंजाला दिवसाला नायट्रीकरण ५६६ नॅनोमोल, विनायट्रीकरण ९२ आणि अनॅमॉक्स ३. मी स्लाइडवर ५६६ वजा ९२ वजा ३ करून "निव्वळ नायट्रेट ४७१" असं लिहिलंय, बरोबर आहे ना?

---

बर्गनहून

नाही, ती वजाबाकी काढून टाक, प्लीज. नायट्रीकरण ऑक्सिजन असताना होतं, विनायट्रीकरण आणि अनॅमॉक्स ऑक्सिजन नसताना. म्हणजे पहिला आकडा पंप चालू असलेल्या स्पंजाचा आणि बाकीचे दोन पंप बंद असलेल्या स्पंजाचे, असं समज. एकाच दिवसात तिन्ही पूर्ण वेगाने चालत नाहीत. दिवसातले किती तास कुठली अवस्था होती ते कळल्याशिवाय निव्वळ असं काही काढता येत नाही. सेमिनारला कुणीतरी हा प्रश्न विचारणारच, आणि तू स्वतःच आधी सांगितलंस तर चांगलं.

आकड्यांचा अंदाज यायला असं कर. ३०० घन सेंटिमीटरचा, म्हणजे मोठ्या मुठीएवढा स्पंज धर. पूर्ण दिवस नायट्रीकरण चाललं तर साधारण १७० मायक्रोमोल, वजनात जवळपास २.४ मिलिग्रॅम नायट्रोजन. पूर्ण दिवस विनायट्रीकरण चाललं तर साधारण ०.४ मिलिग्रॅम. एका गोळ्याला हे थोडं वाटतं, पण चीजच्या तळावर असे गोळे शेजारी शेजारी पसरलेले असतात.

वायू स्पंजातूनच आला हे कसं ठरवतात ते पण सांग, ऐकणाऱ्यांना आवडेल. साध्या नायट्रोजनचं वजन १४. पाण्यात १५ वजनाचा नायट्रोजन असलेलं नायट्रेट किंवा अमोनियम घालतात. विनायट्रीकरणात दोन्ही अणू नायट्रेटकडून येतात, म्हणून दोन जड अणूंचा, ३० वजनाचा वायू मिळू शकतो. अनॅमॉक्समध्ये एक अणू अमोनियमचा आणि एक नायट्राइटचा, त्यातला एकच जड असेल तर वायू २९ चा. मास स्पेक्ट्रोमीटरवर २९ आणि ३० वेगळे दिसतात आणि त्यावरून कोणी किती काम केलं ते उलगडतं. नवरा नवरी दोघं एकाच गावची की वेगवेगळ्या गावची ते आडनावावरून ओळखावं तसं आहे हे.

गुदमरण्याचं म्हणशील तर हा प्राणी फार कमी ऑक्सिजनवर निभावतो, त्याला ना हृदय ना मज्जासंस्था. पंप सुरू झाला की परत भरून निघतं.

---

कातळकोपरा

रत्नागिरीला कॉलेजात शिकवतो. वरचं उत्तम चाललंय, मी फक्त दोन तीन गोष्टी जोडतो, कारण ओंजळभरच्या मूळ प्रश्नातला अर्धा भाग अजून राहिलाय. तीन पेपर तीन गोष्टी सांगतात याचं एक कारण पंप, पण दुसरं कारण असं की हे तिन्ही स्पंज एकसारखे नाहीतच. "स्पंज" म्हणजे एक प्राणी नव्हे, हजारो जाती आहेत, आणि सूक्ष्मजीवांच्या बाबतीत त्यांचे ढोबळ दोन गट पडतात. काहींच्या एका ग्रॅममध्ये दहा कोटी ते हजार कोटी सूक्ष्मजीव असतात, वजनाने बघाल तर शरीराचा ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत भाग त्यांचाच. दुसऱ्या गटात ग्रॅमला लाख ते दहा लाख, म्हणजे साधारण आजूबाजूच्या समुद्राच्या पाण्यात असतात तेवढेच. भरलेल्या गटाचं अंग दाट, नळ्या अरुंद, आणि ते पाणी हळू ओढतात. रिकाम्या गटाचं अंग पोकळ, पाणी भराभर जातं. आता तुम्हीच विचार करा, ऑक्सिजन कुणाच्या आत संपेल आणि कामाला माणसं कुणाकडे जास्त आहेत. दोन्ही गोष्टी एकाच गटाच्या बाजूने जातात. जिओडिया भरलेल्या गटातला.

तांबड्या समुद्रातल्या पेपरचं तर वेगळंच आहे. तिथे पाणी उथळ, ऊन लख्ख, पाण्यात पोषण कमी, आणि स्पंजाच्या वरच्या थरात सायनोबॅक्टेरिया. नॉर्वेच्या दोनशे मीटर अंधारात सायनोबॅक्टेरिया काय करणार. प्रवाळाच्या उन्हातला आणि फ्योर्डच्या काळोखातला हिशोब एकाच वहीत मांडला की गोंधळ होणारच, आणि मला वाटतं की तुमचा निम्मा गोंधळ तिथूनच आलाय.

मला सगळ्यात आवडणारं उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरच्या आयँथेला बास्टाचं, पंख्यासारखा चपटा स्पंज, जांभळा, पिवळा, तपकिरी. त्याच्या अंगात गर्दी नाही, मुख्य भाडेकरू तीनच. त्यातला एक टॉरीन फोडतो, हो तेच जे एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर लिहिलेलं असतं, आणि टॉरीन फोडल्यावर जो अमोनिया सुटतो तो शेजारचा आर्किया खातो आणि नायट्राइट करतो. २०२३ मध्ये हे नीट मांडलं गेलं. एकाचं उष्टं दुसऱ्याचं ताट. मला विद्यार्थ्यांना हे सांगताना दरवेळी आनंद होतो, कारण पुस्तकात नायट्रोजन चक्राचे बाण ढगापासून शेतापर्यंत जातात आणि इथे बाण एका पेशीपासून शेजारच्या पेशीपर्यंत.

आणि एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण परीक्षक विचारतील. स्पंज बॅक्टेरिया खाऊनच जगतो, मग हे घरचे का खात नाही? पूर्ण उत्तर मोठं आहे, पण एक धागा असा की सहजीवींकडे अँकिरिन प्रकारची प्रथिनं सापडतात, आणि तशी प्रथिनं साध्या ई. कोलाय बॅक्टेरियामध्ये घालून ते अमिबाला खायला दिले तर अमिबाला ते पचले नाहीत. शिवाय बऱ्याच स्पंजांमध्ये हे सहजीवी अंड्यातून, अळीतून पुढच्या पिढीला दिले जातात. लेक सासरी जाताना आई सोबत विरजण देते ना, तसं.

---

टाकीवाला_नाशिक

विरजणाचं वाचून लगेच आठवलं, आम्ही पण नवीन टाकी लावताना जुन्या टाकीचा फोम पिळून तेच पाणी नवीन टाकीत घालतो. अगदी तेच.

सर, आपल्याकडे ओहोटीला कातळाच्या कपारीत नारिंगी, पिवळे थर दिसतात ते स्पंजच ना? गणपतीपुळ्याला मी बघितलेत, दाबले की पाणी सुटतं. एखादा तुकडा आणून टाकीत लावता येईल का?

---

कातळकोपरा

बरेचसे स्पंजच. पण तुकडा आणू नका, अगदी मनापासून सांगतो. एक तर बर्गनच्या ताईंनी लिहिलं तसं, पाण्याबाहेर काढला की नळ्यांत हवा जाते आणि तो तुमच्या टाकीत सडेल, मग अमोनिया खाणारा राहिला बाजूला, अमोनिया सोडणाराच घरात येईल. दुसरं, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूचीत कॅल्केरियस स्पंज आहेत, आणि कातळावर बघून कुठला चुन्याचा आणि कुठला सिलिकाचा हे सुया सूक्ष्मदर्शकाखाली घातल्याशिवाय कळत नाही. सुकतीला गुडघ्यावर बसून बघा, लाटेचं पाणी परत आलं की भिंगाने छोटी तोंडं दिसतात. मी मुलांना दरवर्षी नेतो, पहिली दहा मिनिटं त्यांना काहीच दिसत नाही, मग एकदम सगळीकडे दिसायला लागतं.

---

ओंजळभर_पाणी

सर, ताई, दादा, खूप खूप आभार. वजाबाकीची स्लाइड काढली. आता एकच शेवटचं, आपला अरबी समुद्र तर विनायट्रीकरणासाठी जगात ओळखला जातो, मग तिथे स्पंजांचा वाटा असेल असं म्हणू का? शेवटच्या स्लाइडवर आपलं काहीतरी यावं असं वाटतंय.

---

बर्गनहून

तसं म्हणू नकोस. अरबी समुद्रातलं जे मोठं विनायट्रीकरण आहे ते पाण्याच्या मधल्या थरात होतं, तिथे ऑक्सिजन जवळपास संपलेलाच असतो, आणि ते उघड्या पाण्यातले बॅक्टेरिया करतात. गोव्याच्या एनआयओने (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने) त्यावर कित्येक वर्षं काम केलंय, पावसाळ्याच्या शेवटी आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पाण्यातही ऑक्सिजन संपतो आणि नायट्रस ऑक्साइड बनतो हे २००० साली त्यांच्याच लोकांनी जगाला दाखवलं. ते स्वतंत्रपणे मोठं काम आहे, त्याला स्पंज चिकटवायची गरज नाही.

पण तुला आपलं काही हवंच असेल तर तुलना ठेव. अरबी समुद्रात ऑक्सिजन असलेलं पाणी आणि नसलेलं पाणी यांच्यामध्ये मीटरांत मोजावं असं उभं अंतर आहे. जिओडियात तेच अंतर काही मिलिमीटर, आणि तेही दिवसातून सरकणारं. एकाच स्केलवर दोन्ही काढता येणार नाही म्हणून दोन चित्रं काढ, आणि स्पंजाच्या चित्राखाली आडवी वेळेची पट्टी दे, चालू बंद चालू, वरती ऑक्सिजनची रेघ खाली जाताना आणि वर येताना. बाण मात्र पट्टीला जोडूनच काढ, चालूच्या खाली नायट्रेट, बंदच्या खाली वायू. चित्र झालं की इथे टाक, सेमिनारच्या आधी बघून देते.